सुगड, लिंबू आणि खोकं: चित्रकलेचे मूळ शब्द हाताने शिकण्यासाठी

चित्रकलेच्या वर्गात पहिल्या आठवड्यातच शब्दांचा मारा सुरू होतो. रेषा, आकार, छटा, पोत, अवकाश, तोल, यथार्थदर्शन. व्याख्या पाठ होतात, पण कोरा कागद समोर आला की हात अडतो. यात शिकणाऱ्याचा दोष कमी आणि शब्दांचा जास्त. रोजच्या मराठीत आपण एकेका शब्दात दोन-दोन गोष्टी कोंबतो. ‘आकार’ म्हणजे कागदावरचं सपाट वर्तुळही आणि मुठीत मावणारा चेंडूही. ‘छटा’ म्हणजे निळ्याचा हिरवटपणाही आणि त्याचा फिकेपणाही. ‘सावली’ म्हणजे भांड्याच्या अंगावरचा अंधारही आणि टेबलावर पडलेलाही. बोलताना काही बिघडत नाही. चित्र काढताना मात्र एकीच्या जागी दुसरी गोष्ट गेली की चित्र फसतं, आणि का फसलं ते कळत नाही.

म्हणून इथे व्याख्यांची यादी नाही. एकच मांडणी टेबलावर ठेवायची, तिच्यावर सात-आठ बैठका घालवायच्या आणि ज्या पायरीवर जो शब्द लागेल तो तिथेच उचलायचा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत ज्याला ‘वस्तुचित्र’ किंवा ‘स्थिरचित्र’ म्हणतात, तोच हा प्रकार.

मांडणी आणि साहित्य

तीन वस्तू घ्या: संक्रांतीचं एक लाल मातीचं सुगड, एक पिवळं लिंबू आणि चहाच्या पुडीचं किंवा औषधाचं एक पुठ्ठ्याचं खोकं. खोक्यावरची छपाई डोळ्यांना गुंतवते, म्हणून त्याला बाहेरून साधा पांढरा किंवा खाकी कागद गुंडाळा. खाली पांढरा रुमाल किंवा कोरा कागद. सुगड बुडाशी गोलसर असल्याने डुगडुगत असेल, तर खाली मळलेल्या कणकेची छोटी गोळी चिकटवा. दोन बैठकांच्या मधे ते जरी फिरलं, तरी आधीचं रेखाटन वाया जातं.

स्टीलचा पेला किंवा घासलेलं पितळ सुरुवातीला नको. चकचकीत वस्तूत तिचा स्वतःचा आकार कमी आणि खोलीचं प्रतिबिंब जास्त दिसतं. मातीचं भांडं उजेड शांतपणे पसरवतं, त्यामुळे उजेडाकडून अंधाराकडे जाणाऱ्या पायऱ्या मोजता येतात.

उजेड एकाच बाजूने हवा. उजव्या हाताने काढणाऱ्याला खिडकी डावीकडे हवी, म्हणजे स्वतःच्या हाताची सावली कागदावर पडत नाही. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. दोन बाजूंनी उजेड आला की दोन पडछाया पडतात आणि नवख्याचा गोंधळ उडतो. बसायचं वस्तूंपासून साधारण दीड ते दोन मीटर अंतरावर, आणि इतक्या उंचीवर की सुगडाच्या तोंडातून आतलं थोडंसंच दिसावं.

कागद क्वार्टर इम्पीरिअल, म्हणजे ११ × १५ इंच. २२ × ३० इंचांच्या पूर्ण इम्पीरिअल कागदाचा हा चौथा हिस्सा. पेन्सिलीसाठी १४०-१५० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्ट्रिज कागद पुरतो. जलरंगांसाठी ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खडबडीत कागद घ्या. पातळ कागद ओला झाला की त्याचे तंतू फुगतात, कागदावर लाटा उठतात आणि रंग त्या लाटांच्या खोलगट भागात साचतो.

पेन्सिली तीन: एचबी, २बी आणि ६बी. एच म्हणजे कडक आणि बी म्हणजे काळी. शिसं म्हणतो ते खरं तर ग्राफाइट आणि चिकणमातीचं मिश्रण असतं. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी. फ्रान्समधल्या निकोला-जाक काँतेने १७९५ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती आजही चालू आहे. पेन्सिलीला शार्पनरपेक्षा कटरने टोक काढा, शिसं एक सेंटिमीटर तरी बाहेर हवं. आडव्या धरलेल्या लांब शिशाने छायांकन पसरट आणि एकसारखं होतं.

रंग सहाच: लेमन यलो, व्हर्मिलियन, क्रिमसन लेक, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, बर्न्ट सिएना. गोल ब्रश ४ आणि १० नंबरचे. पाण्याची दोन भांडी, एक ब्रश धुवायला आणि दुसरं स्वच्छ पाणी घ्यायला. २४ रंगांच्या पेटीचा मोह टाळा. तयार हिरवा समोर असला की हिरवा कसा बनतो हे कळायची वेळच येत नाही.

रेषा

वस्तूला खरी रेषा नसते. सुगडाच्या कडेला काळा दोरा गुंडाळलेला नाही, तिथे सुगड संपतं आणि मागची भिंत सुरू होते, एवढंच. ती सीमा आपण रेषेने सांगतो, तिला बाह्यरेषा म्हणतात. दुसऱ्या असतात मदतीच्या रेषा: मध्यअक्ष, मोजमापाच्या खुणा, न दिसणारी मागची बाजू. त्या एचबीने इतक्या हलक्या काढायच्या की खोडल्याशिवायही शेवटी झाकल्या जाव्यात.

पहिल्या बैठकीत वस्तू काढूच नका. कागदावर १५ सेंटिमीटर अंतराने दोन-दोन ठिपके द्या आणि पट्टी न घेता ते जोडा. अशा वीस आडव्या, वीस उभ्या आणि वीस तिरप्या रेषा. नजर पेन्सिलीच्या टोकावर ठेवू नका. जिथे पोचायचंय त्या ठिपक्यावर ठेवा. हात मनगटातून न हलवता खांद्यातून हलवा. मनगट हा बिजागरीसारखा सांधा आहे, त्यातून ओढलेली लांब रेषा आपोआप कमानीसारखी वाकते.

नवख्यांच्या रेषेचा ठरलेला दोष म्हणजे केसाळपणा: दोन-दोन सेंटिमीटरच्या तुकड्यांनी, चाचपडत ओढलेली रेषा. उपाय म्हणजे हात कागदाच्या वर हवेत दोनदा फिरवायचा आणि तिसऱ्या वेळी टेकवून एका दमात रेषा काढायची. चुकली तर न खोडता शेजारी दुसरी काढायची, दोन्हींतली बरोबर कोणती ते लगेच दिसतं. आधी खोडलं तर तीच चूक परत काढली जाते.

रेषेला जाडी-बारकी असते आणि ती अर्थ सांगते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या भुवया आणि बोटं नीट पाहिली, तर रेषा कुठे जोर धरते आणि कुठे विरते हे दिसतं. आपल्या सुगडापुरतं सोपं सूत्र असं: उजेडाकडची कड बारीक, अंधाराकडची आणि टेबलाला टेकलेली कड जाड.

कागदावर जागा

अवकाश म्हणजे कागदावरची सगळी जागा, वस्तूंनी व्यापलेली आणि रिकामी राहिलेली. नवखा फक्त व्यापलेली पाहतो. रिकाम्या जागेलाही आकार असतो. सुगडाचा गळा आणि खोक्याची कड यांच्यामधे एक तिरपट त्रिकोण दिसेल. तो त्रिकोण बरोबर आला तर दोन्ही वस्तूंच्या कडा आपसूक बरोबर येतात. वस्तू ओळखीची असल्याने आपण ती आठवणीतून काढतो. रिकाम्या त्रिकोणाची आठवण कोणालाच नसते, म्हणून तो पाहूनच काढावा लागतो. युक्तीचं बळ यातच आहे.

मोठा कागद घ्यायच्या आधी ५ × ७ सेंटिमीटरच्या चार चौकटी आखा आणि प्रत्येकीत मांडणी वेगळी बसवा. एकीला दोन मिनिटं पुरे. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात याच प्रमाणाची खिडकी कापून तिच्यातून पाहिलं, तर निवड सोपी जाते. तपासायचं ते असं. वस्तू कागदाच्या अगदी मधोमध ठाण मांडून बसल्यात का? तीनही शेजारी-शेजारी सुट्या उभ्या आहेत का? थोडी एकमेकींआड गेली तर पुढे-मागे हे नातं तयार होतं. आणि दोन कडा नुसत्या टेकताहेत का? लिंबाची कड खोक्याच्या कडेला नेमकी शिवली, तर ती दोन चिकटल्यासारखी दिसतात आणि पुढे-मागेपणाचा भास मरतो. अशा वेळी एक तर स्पष्ट आड घाला, नाही तर स्पष्ट फट ठेवा.

तोल म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असणं नव्हे. डावीकडचं मोठं काळपट सुगड उजवीकडच्या लहानशा पण उठावदार पिवळ्या लिंबाने तोलता येतं. भाजीवाल्याच्या तराजूत एका पारड्यात कांदे आणि दुसऱ्यात लोखंडी वजन असतं, तसंच. नजरेला जड वाटणाऱ्या गोष्टी म्हणजे गडद, मोठ्या, तीव्र रंगाच्या आणि कागदाच्या कडेजवळच्या.

प्रमाण

हात पूर्ण ताठ करून पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा. पेन्सिलीचं वरचं टोक सुगडाच्या काठाशी जुळवा आणि अंगठ्याने त्याच्या बुडाची खूण धरा. हे झालं तुमचं माप. आता तीच पेन्सिल आडवी करून सुगडाची रुंदी या मापाच्या किती पट आहे ते पाहा, मग खोक्याची उंची, मग लिंबू. आकडे सेंटिमीटरमध्ये नकोत, गुणोत्तरात हवेत: ‘खोकं म्हणजे सव्वा सुगड.’

इथे मोजमाप हुकतं ते बहुतेक वेळा कोपरामुळे. कोपर जरासा वाकला की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि मापच बदलतं. दर वेळी हात ताठ, पाठ खुर्चीला टेकलेली आणि तोच डोळा मिटलेला, हे पाळा. कागदावर आधी सगळ्या मांडणीची एकूण रुंदी आणि उंची खुणांनी पक्की करा, मग आत शिरा. एका वस्तूपासून सुरू करून शेजारी शेजारी वाढवत गेलात, तर शेवटचं लिंबू कागदाबाहेर जातं.

आकार आणि घनाकार

आता पहिली गोंधळाची जोडी. आकार म्हणजे लांबी-रुंदीचा सपाट भाग: वर्तुळ, चौकोन, त्रिकोण. घनाकाराला खोलीही असते: गोल, घन, शंकू, दंडगोल. समोरची प्रत्येक वस्तू आधी घनाकारांत मोडायची. सुगड म्हणजे वरखाली किंचित दाबलेला गोल, वर आखूड दंडगोलाचा गळा आणि त्यावर बाहेर पसरलेला काठ. लिंबू म्हणजे दोन टोकांना चिमटलेला गोल.

घनाकार न काढताही उत्तम चित्र होतं, हे विसरू नका. वारली चित्रांत वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांवर सगळं जग उभं राहतं. गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणसाचं धड, आणि छायाप्रकाश नाही. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांत अशा सपाट आकारांनीच गर्दी, वेग आणि लय येते. तो निवडलेला मार्ग आहे. सुगडाला गोलाई द्यायची होती आणि ते थाळीसारखं सपाट दिसलं, ती मात्र चूक.

तिरकं पाहिलं की वर्तुळ लंबवर्तुळ दिसतं. सुगडाचं तोंड हे असंच लंबवर्तुळ. एक पेला घेऊन त्याचा काठ नेमका डोळ्याच्या पातळीवर धरा, काठ सरळ रेषा दिसेल. हळूहळू खाली न्या, लंबवर्तुळ उघडत जाईल. म्हणजे डोळ्याच्या पातळीपासून वर्तुळ जितकं खाली, तितकं ते गोल दिसतं. एकाच पेल्याचा काठ चपटा आणि बूड जास्त गोल दिसतं ते यामुळे. नवखा नेमकं उलट करतो: काठ छान गोल आणि बूड पट्टीने आखलेलं सरळ. ‘पेला टेबलावर सपाट टेकलाय’ हे ज्ञान डोळ्यावर मात करतं.

लंबवर्तुळ काढताना आधी उभा मध्यअक्ष, त्याला काटकोनात आडवा अक्ष, चारही टोकांना खुणा, मग हवेत हात फिरवत एकाच झोकात वळण. दोन बाजूंची टोकं कधीही अणकुचीदार नसतात. लंबवर्तुळ माशासारखं झालं तर ते चुकलं. सुगडाच्या काठाला जाडी असते, म्हणून आत दुसरं लंबवर्तुळ येतं. दोन्हींमधली फट दोन्ही बाजूंना जास्त आणि पुढे-मागे कमी दिसते.

खोक्यासाठी यथार्थदर्शन लागतं, ज्याला सगळे पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात वास्तुकार ब्रुनेलेस्कीने ते प्रत्यक्ष दाखवलं आणि आल्बर्टीने त्याचे नियम लिहून ठेवले. आपल्याला त्यातलं इतकंच हवं: खोक्याच्या उभ्या कडा उभ्याच राहतात. मागे जाणाऱ्या, प्रत्यक्षात समांतर असलेल्या कडा दूर जाताना एकमेकींजवळ येतात आणि वाढवल्यास डोळ्याच्या पातळीवरच्या एका बिंदूत मिळतात. खोकं डोळ्याच्या पातळीखाली असल्याने या कडा मागे जाताना वर चढतात. कोपरा आपल्याकडे असेल तर असे दोन बिंदू, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. ते बहुधा कागदाबाहेर पडतात, म्हणून व्यवहारात कोन मोजावा. पेन्सिल त्या कडेवर धरा आणि घड्याळाचा काटा समजून वाचा: ‘दोन वाजताहेत की अडीच?’ कोन न बदलता हात कागदावर आणा. झाल्यावर वरच्या आणि खालच्या कडेची तुलना करा. खालची कड डोळ्याच्या पातळीपासून जास्त दूर, म्हणून तिचा चढ जास्त. ती सपाट आली असेल तर खोकं उताणं पडल्यासारखं दिसेल.

छायाभेद

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. रंग चुकले आणि छायाभेद बरोबर आले तर चित्र उभं राहतं, उलट झालं तर राहत नाही. छायाभेद म्हणजे उजळ ते गडद यांतल्या पायऱ्या, मग रंग कोणताही असो.

कागदाच्या तुकड्यावर २ × २ सेंटिमीटरचे पाच चौकोन आखा. पहिला कोरा. पाचवा ६बीने होईल तितका काळा. मग तिसरा, दोन्हींच्या बरोबर मधला. शेवटी दुसरा आणि चौथा. क्रमाने डावीकडून उजवीकडे भरत गेलात तर चौथ्यापर्यंतच काळोख संपतो आणि पाचव्याला काही उरत नाही. प्रत्येक चौकोनाला छोटं भोक पाडा. ही पट्टी डोळ्यासमोर धरून भोकातून सुगडाचा एकेक भाग पाहिला, की तो कोणत्या पायरीवर बसतो ते कळतं. डोळे किलकिले करणं ही याहून सोपी आणि कायमची सवय. बारकावे पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात.

आता ‘सावली’ या शब्दाची फोड. वस्तूच्या स्वतःच्या अंगावर, उजेड न पोचणाऱ्या भागात असते ती छाया. वस्तूने उजेड अडवल्यामुळे दुसऱ्या पृष्ठभागावर पडते ती पडछाया. सुगडावर डावीकडून उजवीकडे जाताना क्रम असा लागतो: उजेडाचा भाग आणि त्यातला सर्वांत लख्ख ठिपका, मग मध्यछटा, मग गर्द छायेचा पट्टा, आणि त्याच्या पलीकडे कडेजवळ पुन्हा थोडा उजळ भाग. हा शेवटचा म्हणजे परावर्तित प्रकाश, पांढऱ्या रुमालावर आपटून परत आलेला. गोलाई दाखवण्यात त्याचा मोठा वाटा असतो, आणि तोच सर्वाधिक बिघडवला जातो. तो सापडल्याच्या आनंदात लोक तिथे लख्ख पांढरं ठेवतात आणि सुगड बल्बसारखं आतून पेटतं. परावर्तित प्रकाश छायेच्याच मुलखात राहतो, मध्यछटेहून उजळ कधीच नाही.

पडछायेचे नियम वेगळे. वस्तू जिथे टेकते तिथली बारीक फट सर्वांत काळी असते, तिथे उजेड कुठूनच शिरत नाही. ती काळी रेघ विसरलात तर सुगड तरंगतं. तिथून पुढे पडछाया फिकी आणि तिची कड मऊ होत जाते, कारण खिडकी हा मोठा प्रकाशस्रोत आहे आणि दूरच्या जागी खिडकीचा थोडा भाग तरी दिसतोच. सगळीकडून धारदार कड असलेली पडछाया म्हणजे टेबलावर चिकटवलेला काळा कागद.

आणखी एक खाच. प्रत्येक वस्तूचा स्वतःचा मूळ गडदपणा असतो. लिंबू मुळातच उजळ, भाजलेली माती मुळातच गडद. त्यामुळे लिंबाच्या छायेतला भाग आणि सुगडाचा उजेडातला भाग एकाच पायरीवर बसू शकतो. ‘छाया म्हणजे काळं’ असं धरून लिंबाची छाया चौथ्या पायरीवर नेली, की लिंबू सडल्यासारखं दिसतं.

छायांकनाचा हात: आधी सगळ्या छाया आणि पडछाया मिळून एकाच हलक्या थराने भरा, उजेडाच्या भागाला हात न लावता. मग थरावर थर. बोटाने घासू नका. त्वचेचं तेल कागदात उतरतं आणि त्या जागी पुढचा थर डागासारखा बसतो. हाताखाली कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवा. छाया देण्याला आपल्या परंपरेत ‘वर्तना’ हा जुना शब्द आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्र या चित्रकलेवरच्या भागात तिचे तीन प्रकार सांगितलेत: पत्रज, ऐरिक आणि बिंदुज. पानाच्या शिरांसारख्या रेघांनी आणि ठिपक्यांनी छाया देण्याच्या पद्धती आजही पेनच्या कामात तशाच चालतात.

तपासायला मोबाइलवर मांडणीचा आणि चित्राचा फोटो काढून दोन्ही कृष्णधवल करा. जिथे तुमचं चित्र सगळं एकाच करड्या पट्ट्यात दिसेल, तिथे काळं वाढवायचं धाडस हवंय. मात्र फोटो बघून चित्र काढू नका. कॅमेरा गडद भागातले बारकावे गिळतो किंवा लख्ख भाग जाळतो, डोळा दोन्ही पाहतो.

रंग

‘छटा’ इथे सर्वाधिक घोळ घालते. रंगाचे तीन गुण सुटे करून घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन चित्रकार-शिक्षक अल्बर्ट मन्सेल याने केलेली ही विभागणी आजही सोयीची आहे. रंगजात: तांबडा, पिवळा, निळा वगैरे. उजळपणा: मघाचाच छायाभेद. तीव्रता: रंग किती झणझणीत किंवा किती मंद. लिंबाची छाया ‘गडद पिवळी’ म्हणून सोडून दिली तर काय मिसळायचं ते कळत नाही. ‘रंगजात जराशी हिरवट, उजळपणा दोन पायऱ्या खाली, तीव्रता कमी’ असं म्हटलं की उत्तर निम्मं मिळतं.

शाळेत शिकवलेले तीन मूळ रंग म्हणजे तांबडा, पिवळा, निळा. त्यांच्या जोड्यांतून नारिंगी, हिरवा, जांभळा. हे ठीक, पण ट्यूबमधला एकही निळा ‘नुसता निळा’ नसतो. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो, प्रशियन ब्लू हिरव्याकडे. व्हर्मिलियन नारिंगीकडे झुकतो, क्रिमसन लेक जांभळ्याकडे. म्हणून स्वच्छ जांभळा हवा तर अल्ट्रामरीन आणि क्रिमसन. व्हर्मिलियन घातलात तर तपकिरी चिखल होईल, कारण त्यातला पिवळेपणा म्हणजे तिसरा मूळ रंग चोरपावलांनी आत आला. स्वच्छ हिरव्यासाठी प्रशियन ब्लू आणि लेमन यलो, मुरलेल्या पानाच्या हिरव्यासाठी अल्ट्रामरीन आणि लेमन. दहा जोड्यांचे ठिपके एका कागदावर करून नावं लिहून ठेवा, हा कागद पुढे रोज लागतो.

विरोधी रंग म्हणजे रंगचक्रात समोरासमोर बसणारे: तांबडा-हिरवा, पिवळा-जांभळा, निळा-नारिंगी. शेजारी ठेवले तर दोघेही उठून दिसतात, मिसळले तर एकमेकांना मंद करतात. छाया रंगवायला हीच किल्ली. सुगड नारिंगीकडे झुकलेलं, म्हणून त्याच्या छायेत अल्ट्रामरीन. लिंबाच्या छायेत किंचितसा पातळ जांभळा. काळा रंग मिसळून छाया करायची सवय लावू नका. पिवळ्यात काळा घातला तर तो शेवाळी हिरवा होतो, हे एकदा करूनच पाहा. काळपट रंग हवाच असेल तर बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन: सिएना वाढवला की उबदार, निळा वाढवला की थंड.

उष्ण आणि शीत रंगांविषयी थोडक्यात: तांबडा-पिवळ्याकडचे उष्ण, निळ्याकडचे शीत. बहुधा उष्ण पुढे येतात, शीत मागे सरतात. म्हणून मागची भिंत निळसर करड्या रंगात ठेवा.

जलरंगाचा क्रम उजळाकडून गडदाकडे. बोर्डाला १०-१५ अंशांचा उतार द्या, कागद चारही बाजूंनी टेपने बसवा. पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, बनवताना रंग मोठ्या वाटीत पुरेसा करा. अर्ध्यावर संपला तर दुसरा तसाच जुळत नाही आणि जोड दिसतो. लख्ख ठिपक्याची जागा कोरी सोडा, इथे पांढरा रंग म्हणजे कागदच. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना हवा त्याहून जरा गडद लावा. दुसरा थर पूर्ण वाळल्यावरच. बोटांची मागची बाजू कागदाला लावा, गार लागलं तर आत ओल आहे. पावसाळ्यात कोकणात तर ही वाट फारच पाहावी लागते. अर्धवट ओल्या थरावर पाण्याने भरलेला ब्रश टेकला, की पाणी रंगाला ढकलत नेतं आणि फुलकोबीसारख्या कातर कडेचा डाग उठतो. तो घासून जात नाही. वाळू द्या आणि पुढच्या गडद थरात लपवा. तीनपेक्षा जास्त रंगद्रव्यं एका मिश्रणात नकोत आणि तीनपेक्षा जास्त थर एका जागी नकोत, बहुतेक मळकट चित्रांचं मूळ या दोहोंत असतं. ब्रश पाण्याच्या भांड्यात उभा ठेवू नका, केस वाकतात ते कायमचे.

जलरंगात उजेड कसा राखतात ते पाहायचं असेल, तर सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र पाहा. ते मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि अनेकदा चुकून राजा रविवर्म्याच्या नावावर खपतं. ज्योतीपुढे धरलेल्या बोटांतून उजेड झिरपतो, कारण भोवतीचा सगळा कागद चौथ्या-पाचव्या पायरीवर नेलाय. सर्वांत उजळ जागा त्यामुळे इवलीशी असूनही पुरते.

पोत आणि उरलेलं

पोत म्हणजे पृष्ठभागाचा स्पर्श: हाताला लागणारा किंवा नुसता डोळ्याला भासणारा. लिंबाची खडबडीत साल सगळीकडे ठिपके देऊन दाखवू नका. पोत मध्यछटेत सर्वांत स्पष्ट दिसतो, लख्ख भागात आणि गर्द छायेत विरतो. तिथेच चार-सहा ठिपके पुरतात. सुगडाच्या मातीसाठी ब्रश जवळजवळ कोरडा करून खडबडीत कागदावरून आडवा ओढा.

वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रांत ओळखू येईल अशी वस्तूच नसते. रोलर आणि पॅलेट नाइफने लावलेले, काढलेले रंगाचे थर असतात. अशा चित्रासमोर ‘हे काय आहे?’ विचारून उत्तर मिळत नाही. छायाभेद किती जवळजवळचे ठेवलेत, पोत कुठे दाटलाय, नजर कुठे थांबते, हे विचारता येतं. सुगडावर शिकलेलेच हे प्रश्न.

बैठका अशा वाटा: पहिली रेषा, दुसरी छोट्या चौकटी आणि प्रमाण, तिसरी लंबवर्तुळ आणि खोकं, चौथी-पाचवी पेन्सिलीने छायाभेद, सहावी मिश्रणांचा कागद, सातवी-आठवी जलरंग. प्रत्येक दीड तासाची आणि दिवसाच्या त्याच वेळी, नाहीतर खिडकीतला उजेड सरकतो आणि कालची पडछाया आज दुसरीकडे असते. पडछायेची कड पहिल्याच दिवशी रुमालावर पेन्सिलीने आखून ठेवा. लिंबू आठवड्यात सुकतं, म्हणून त्याच आकाराचं दुसरं आधीच आणून ठेवा. चित्र पुरं झालं की आरशात बघा, कललेलं सुगड तिथे लगेच पकडलं जातं. पुढच्या मांडणीत लिंबाच्या जागी स्टीलचा पेला ठेवायला आता हरकत नाही.